बाईंची तिसरी खेप

नवघरकर बाई शनिवारी पेनाला हात लावत नसत. अकोल्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि बाई सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. प्रार्थनेला उभ्या राहायच्या, वर्गांवरून फेरी मारायच्या, उशिरा येणाऱ्या मुलींना फाटकाशीच गाठायच्या. फक्त लिहायच्या नाहीत. सही नाही, शेरा नाही, हजेरीपटावर टिंबसुद्धा नाही.

एकदा शिक्षण खात्यातले कुणी साहेब शनिवारी तपासणीला आले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी कागद पुढे केला. "मॅडम, तेवढी सही."

"सोमवारी," बाई म्हणाल्या.

"अहो, दोन अक्षरं तर लिहायची आहेत."

"साहेब, दोन अक्षरं लिहायची नाहीत, एवढंच तर देवानं सांगितलंय. तेवढं तरी ऐकू द्या. चहा घ्या."

साहेबांनी चहा घेतला आणि सोमवारी माणूस पाठवून सही नेली. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर आठवडाभर हसलो. बाईंना कळलं तर त्याही हसल्या. त्या हसायच्या तेव्हा आवाज होत नसे, नुसते खांदे हलायचे.

त्यांचं नाव मिल्का. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्यातलं न लिहिणं तेवढं बाईंनी धरून ठेवलं होतं. आजोबांचं गाव समुद्राकाठचं, वडील रेल्वेत होते, बदलीवर अकोल्याला आले आणि राहून गेले. भावंडं एकेक करून ठाण्याला, काही तिकडे इस्राएलला गेली. बाईंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर आईसाठी राहिल्या, आई गेल्यावर शाळेसाठी. जठारपेठेत दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या, आणि मी दोन गल्ल्या पलीकडे. म्हणून शाळेत जाता-येता माझ्या स्कुटीची मागची जागा त्यांची होती. मी विज्ञान शिकवायची, त्या मराठी. व्याकरण त्यांच्याइतकं झणझणीत शिकवणारं माणूस मी पाहिलं नाही. बोलणं शुद्ध, पण राग आला की थेट वऱ्हाडी. "काहून वं, कानात बोळे घातले काय?" हे त्यांच्या तोंडून आलं की मुली समजायच्या, आता खरं आहे.

नव्या माणसाला त्यांचा धर्म समजावून सांगणं हा एक कार्यक्रमच असायचा. "यहुदी म्हणजे ख्रिश्चनच ना?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "त्यांच्या आधीचे." "मग मुसलमानांसारखे?" "त्यांच्याही आधीचे. आम्ही थोरल्या घरातले. थोरल्या घरात माणसं कमी उरतात."

त्यांच्या सणांची नावं ऐकून मला वाटायचं, या आमच्याच गावच्या आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याच्या सणाला दिवसभर उपास, कारण फार जुन्या काळी त्यांचं मंदिर त्या दिवशी पाडलं गेलं. तो उपास सोडायचा मोड आलेल्या वालाच्या बिरड्यानं. वाल ठाण्याहून त्यांची भाची पाठवायची. अकोल्याचे वाल त्यांना पसंत नव्हते.

आणि सगळ्यांत मोठी दारफळणी. नव्याच्या सणापासून दहाव्या दिवशी. आदल्या संध्याकाळी आंघोळ करून, पांढरी साडी नेसून बाई दार लावून घ्यायच्या, ते दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. वर्षभराच्या चुकांची माफी देवाकडे मागायची. पण देव फक्त त्याच्याशी झालेल्या चुका माफ करतो. माणसाशी झालेल्या चुका त्या माणसानंच माफ करायच्या, त्यात देवसुद्धा पडत नाही. म्हणून दार लावण्याआधी माणसांकडे जायचं.

त्या खरंच जायच्या. दरवर्षी दारफळणीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये यायच्या आणि एकेकासमोर उभं राहून म्हणायच्या, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा." मुख्याध्यापिका समोर हात जोडून उभी, म्हणजे आमची तारांबळ. कुणी म्हणायचं, "अहो मॅडम, काहीतरीच काय!" कुणी लाजून हसायचं. मी तर दरवेळी खुर्चीवरून उठून त्यांचे हात धरायची आणि विषय बदलायची.

नीट उत्तर देणारा एकच माणूस होता. रहेमतभाई, आमचे शिपाई. बाई दारात जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहायच्या. रहेमतभाई टोपी नीट करायचे, मान खाली घालून क्षणभर खरंच आठवल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "माफ केलं, बाई. तुमीबी मले माफ करा." "केलं," बाई म्हणायच्या. झालं. दोघं आपापल्या कामाला.

एका वर्षी मात्र आठवून झाल्यावर ते म्हणाले होते, "बाई, पोळ्याच्या टायमाले तुमी मले पोरींसमोर झापलं होतं. ते राह्यलंच हाये."

बाई विचारात पडल्या. "हो, झापलं होतं. चुकलं माझं."

"मंग आता माफ केलं."

रहेमतभाई मूळचे अंजनगाव सुर्जीचे. तिथे भावाचा पानमळा होता, त्यात त्यांचाही वाटा. रमजानच्या महिन्यात ते पाणी न पिता दिवसभर घंटा वाजवायचे, फायली न्यायचे, उन्हात बँकेत जायचे. बाई तेव्हा त्यांच्यासमोर चहा प्यायच्या नाहीत. कपाटाच्या मागे उभ्या राहून घाईघाईनं कप संपवायच्या. रहेमतभाईंना ते ठाऊक होतं. "बाई, बसून प्या नं. रोजा माहा हाये, तुमचा थोडीच हाये?" बाई तोंड पुसत म्हणायच्या, "मी कुठे काय प्यायले?"

ईदला रहेमतभाई शिरखुर्मा आणायचे. बाईंच्या घरी दूध आणि मटण एकमेकांना शिवत नाही, हे त्यांना कळल्यावर त्यांनी एक नवा स्टीलचा डबा घेतला. तो डबा वर्षातून एकदाच वापरला जायचा, बाकी अकरा महिने त्यांच्या घरी फडताळात पालथा. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी, बाई ज्याला शिळा सण म्हणायच्या, बाई त्यांच्याकडे गोड पाठवायच्या. दोघांत उपासांवरून थट्टा चालायची. "तुमचा एकच दिवस," रहेमतभाई म्हणायचे, "आमचे तीस." बाई म्हणायच्या, "आमचा पंचवीस तासांचा. तुमचं रात्री जेवण होतं." "तं मंग तुमी जिंकल्या."

हे सगळं मोडलं ते एका वाक्यानं. बाईंनी लिहिलेल्या.

करोनानंतरचं ते वर्ष. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा लांबून एप्रिलपर्यंत गेल्या होत्या आणि शेवटचे पेपर रमजानच्या पहिल्या रोज्यांत आले. अकोल्याचा एप्रिल. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमची शाळा परीक्षाकेंद्र होती, बाई केंद्रप्रमुख. पेपर संपला की उत्तरपत्रिका मोजायच्या, गठ्ठा कापडात शिवायचा, लाखेचं सील लावायचं. मोजायला आणि शिवायला रहेमतभाई, पंधरा वर्षांपासून. त्यांचा टाका असा बारीक की साहेब लोक दाखवायला न्यायचे.

त्या दिवशी पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच एक मुलगी उन्हानं चक्कर येऊन पडली. धावपळ झाली. बाईंनी तिला पाणी पाजलं, तिच्या वडिलांना बोलावून रिक्षात बसवलं. मुलगी गेली. पेपर संपला. मोजणी झाली, तर एक उत्तरपत्रिका कमी.

तीनदा मोजलं. मीही मोजलं. एक कमीच. वर्ग शोधले, बाकं उलटी केली, कचऱ्याच्या टोपल्या पालथ्या केल्या. तासाभरात वरून फोन आला. कुणी साहेब बोलत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. कुणाची चूक ते आजच्या आज लेखी द्या, नाहीतर केंद्र रद्द करू. म्हणजे दीडशे मुलींची परीक्षा अधांतरी. बाईंनी फोन ठेवला. त्या बसल्या, एका दमात लिहिलं, पाकीट बंद केलं आणि रहेमतभाईंना हाक मारली. पाकीट घेऊन रहेमतभाई सायकलवर निघाले. दुपारचे तीन वाजले होते. ओठ कोरडे, डोक्याला रुमाल. त्या पाकिटात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका सापडली. गैरहजर मुलींची यादी ज्या लिफाफ्यात जाते, त्या लिफाफ्यात. त्या चक्कर आलेल्या मुलीची. गडबडीत बाईंनीच ती उचलून यादीच्या कागदांत ठेवली होती आणि लिफाफा स्वतःच्या हातानं चिकटवला होता. बाईंनी तत्काळ दुसरं पत्र लिहिलं. चूक माझी, कर्मचाऱ्याचा काही दोष नाही. ते पत्र पोचलं. पण पहिलं पत्र त्याआधी बऱ्याच टेबलांवरून फिरून आलं होतं.

दोन दिवसांनी रहेमतभाईंना दुसऱ्या एका शाळेतल्या शिपायानं सांगितलं. तोंडी निरोप फिरला होता की यापुढे रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांना गठ्ठ्याच्या कामावर ठेवू नका. कुणामुळे? तुमच्याच शाळेच्या पत्रामुळे.

रहेमतभाई ऑफिसात आले तेव्हा मी तिथेच होते. ते दाराशीच थांबले.

"बाई, काय लिवलं होतं?"

बाईंनी फायलीतली नक्कल काढली. स्वतःच वाचली, मोठ्यानं, शब्द न गाळता. मला वाटलं होतं, त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. नाही. वाचलं: "सदर कर्मचारी रोजाच्या उपवासामुळे थकलेला असल्याने मोजणीत चूक झाली असावी."

रहेमतभाईंनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "रहेमतची चूक, असं लिवलं असतं तं चाललं असतं, बाई. मानूस हाये, चुकते. तुमी तं माह्या रोज्याले गुन्हेगार केलं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "रहेमत..."

"तुमी स्वतः उपास धरनाऱ्या," एवढंच म्हणून ते गेले.

त्यांची निवृत्ती सात-आठ महिन्यांवर होती. साठलेली रजा टाकून ते अंजनगावला निघून गेले. ईदला शिरखुर्मा आला नाही. बाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शाळेतच बसल्या होत्या. शाळेला सुट्टी होती.

त्या वर्षी दारफळणी जवळ आली तशा बाई मला म्हणाल्या, "अंजनगावला जायचंय. तू येशील का?" अकोटपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. रस्ता खोदून ठेवलेला, धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. बाई खिडकीशी बसून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एक 'मुळे' लिहिला मी. शब्दयोगी अव्यय. तीस वर्षं शिकवतेय की शब्दयोगी अव्यय ज्या शब्दाला जोडाल त्याचा दुसऱ्याशी संबंध लावतं. आणि जोडला कशाला, तर उपासाला."

"घाबरल्या होत्या तुम्ही," मी म्हटलं.

"घाबरलं की माणूस जे लिहितो, तेच त्याच्या मनात असतं का गं? मला तेच कळत नाहीये."



रहेमतभाईंनी आम्हाला बसवलं. घरात त्यांची बायको आणि नातू होता. चहा झाला, पोहे झाले. भावाच्या मळ्यातली पानं दाखवली. बाईंनी हात जोडून तेच वाक्य म्हटलं, पण या वेळी वर्षभरातल्या चुका नाही, ती एक चूक नाव घेऊन. रहेमतभाई म्हणाले, "बाई, तुमी घरी आल्या, लय झालं. पोहे घ्या नं अजून." बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पोहेच वाढले. फाट्यापर्यंत पोचवायला आले, बस येईपर्यंत थांबले. पण जो शब्द ऐकायला बाई एवढ्या धुळीतून आल्या होत्या, तो त्यांनी उच्चारला नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी रहेमतभाई मळ्यात होते. वेलींना आधार बांधत होते. बाई चप्पल काढून, पदर खोचून वेलींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं आत गेल्या. मी बांधावर थांबले, पण आवाज ऐकू येत होता.

"रहेमत, मी परत आलेय."

"पायलं म्या."

"मला माफ कर."

त्यांनी हातातली गाठ बांधून पुरी केली. मग रहेमतभाई म्हणाले, "जुबानीनं म्हनून टाकू का, बाई? मनात नाई अजून. मनात नसतानी म्हनलं तं खोटं होईन. तुमचा देव ऐकून राह्यला, माहाबी ऐकून राह्यला. दोघाईसमोर खोटं कसं बोलू?"

बाई म्हणाल्या, "नको म्हणूस. खोटं नको म्हणूस."

परतीच्या बसमध्ये त्या पहिल्यांदा मोकळ्या वाटल्या. म्हणाल्या, "बघ, तो अजूनही मला खरं उत्तर देतो. बाकी सगळ्यांनी आयुष्यभर 'काहीतरीच काय मॅडम' म्हणून उडवून लावलं." मग सांगितलं की तीनदा जायचं असतं. तीनदा मनापासून मागूनही समोरच्यानं नाही म्हटलं, तर मागणारा मोकळा होतो.

"मग ते कुणावर जातं?" मी विचारलं.

"नाही म्हणणाऱ्यावर." त्या बाहेर बघत राहिल्या. "म्हणूनच तिसऱ्या खेपेची भीती वाटते, वैशाली. माझ्या चुकीचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून मी मोकळी होणार. हा काय न्याय झाला?"

तिसऱ्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. पावसाळ्यात छातीत दुखलं, स्टेंट टाकावा लागला. ठाण्याची भाची येऊन म्हणाली, मावशी, आता इथे एकटी राहायचं नाही. बाई कधी नव्हे ते पटकन तयार झाल्या. कारण मला सांगितलं तेही त्यांच्या पद्धतीनं: "आमच्यात शेवटच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अकोल्यात मी मेले तर दहा यहुदी कुठून आणशील? तू नवऱ्याला टोपी घालून उभं करशील." दारफळणी इथेच करायची आणि दिवाळीनंतर जायचं, असं ठरलं.

"पण त्याआधी अंजनगाव," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास नको म्हणून बजावलं होतं. गाडी करू म्हटलं तर अकोटपुढचा रस्ता इतका वाईट की ड्रायव्हर तयार होईना. अखेर एक तयार झाला. दिवस ठरला.

त्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बाई तयार होऊन, चप्पल घालून खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा पांढुरका. चप्पल घालतानाच दम लागला होता, हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो रस्ता, ते खड्डे, आणि अकोटच्या पुढे जवळ एकही धड दवाखाना नाही हे आलं. आणि हेही आलं, खरं सांगायचं तर, की रहेमतभाई पुन्हा नाही म्हणाले तर बाईंना ते सोसणार नाही.

मी म्हटलं, "बाई, कालच रहेमतभाईंचा फोन आला होता."

त्या सावरून बसल्या. "कुणाला? तुला?"

"हो. म्हणाले, बाईची तब्येत ठीक नाई असं ऐकलं. येऊ नका म्हना. म्या माफ केलं."

"हेच शब्द? 'माफ केलं'?"

"हेच."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखादी मुलगी पाठ न करता आली की अशाच बघायच्या. रागानं नाही. तिला स्वतःहून काही बोलायचं असेल तर वेळ देण्यासाठी.

"बरं," त्या म्हणाल्या. वाकून चप्पल काढली आणि भिंतीशी नीट जोडीनं ठेवली.

मी बाहेर येऊन ड्रायव्हरला परत पाठवलं. दोन दिवसांनी बाईंनी पांढरी साडी नेसून दार लावून घेतलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, या वर्षी आतून रडण्याचा आवाज येत होता.

दिवाळीनंतर बाई ठाण्याला गेल्या. आम्ही फोनवर बोलायचो. शाळेचं, मुलींचं, माझ्या मुलाच्या प्रवेशाचं. रहेमतभाईंचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही. प्रत्येक वेळी ठरवायची की या खेपेला सांगून टाकू, आणि प्रत्येक वेळी म्हणायची की त्यांना आता शांतता मिळालीय, ती कशाला मोडा. उन्हाळा लागायच्या सुमाराला एका सकाळी भाचीचा फोन आला. मावशी पहाटे गेली. झोपेतच. प्रार्थनेला दहा नाही, पंचवीस माणसं जमली, असं ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एकटी अंजनगावला गेले. रहेमतभाई अंगणात खाटेवर बसले होते, खूप थकलेले. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.  मग म्हणाले, "गेल्या साली आल्या नाई त्या."



"म्या वाट पाहून राह्यलो होतो. बाईचा उपास कोन्त्या तारखेले हाये, ते नातवाले मोबाइलात पाहाले लावलं. त्याच्या आधीचे चार दिवस मळ्यात गेलो नाई. म्हटलं, येतीन अन् म्या घरी नसीन." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोन रमजान असेच गेले, म्याडम. रोजा पोटाचा होये, मनाचा होतच नोयता. मनात ते पत्र. मंग तिसऱ्या रमजानात एक दिवस नमाज झाल्यावर पायलं, तं मनात काईच नोयतं. नुसती बाई होती, कपाटामांगं उभी राहून चहा पेत. तवाच ठरवलं, आता आल्या का म्हनून टाकू. खरं म्हनू."

"तुम्ही फोन का नाही केला?" मी विचारलं.

"त्या दोनदा आपल्या पायानं आल्या. म्या फोनवर माफी देऊ? तिसऱ्यांदा येतीनच, मले खातरी होती. बाई अधुरं काम सोडत नसत." मग माझ्याकडे वळून, "काहून नाई आल्या?"

मी सांगितलं. सगळं. गाडी दारात होती, त्यांनी चप्पल घातली होती, मी काय म्हटलं, त्या काय म्हणाल्या. सांगताना मी मधेच म्हटलं की त्यांच्या जिवासाठी केलं. ते खरंही होतं. पण रहेमतभाईंनी मान हलवली नाही.

त्यांची सून चहा घेऊन आली आणि ठेवून गेली. रहेमतभाई कपाकडे बघत म्हणाले, "माहं नाव घेऊन तुमी जे बोलल्या, ते माह्या मनातलंच होतं. म्या तुमाले माफ केलं." आणि थोडं थांबून, "पन बाईशी बोलल्या, त्याची माफी बाईच देऊ शकते. मी नाई देऊ शकत. ते आता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. बाईंच्या धर्माचा नियम होता तो, आणि त्यांच्याही. दोघं वर्षानुवर्षं तो शाळेच्या व्हरांड्यात पाळत आले होते आणि मी शेजारी उभी राहून गंमत बघत होते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या स्टेशनवर. दुपारची मुंबईची गाडी होती. सामान भाचीनं आधीच आत लावलं होतं. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि वालाच्या बिया म्हणून कुणीतरी दिलेली एक पुडी. फलाटावर आमच्या शाळेच्या सात-आठ जुन्या मुली आल्या होत्या. एकीच्या कडेवर तिचं बाळ होतं. बाईंनी सगळ्यांना नावानं हाक मारली, बाळाला हात लावला, भाचीच्या आधारानं डब्यात चढल्या आणि मग आत न जाता दारातच दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मुली मागे सरल्या. मी पुढे होते.

"वैशाली," त्या हळू म्हणाल्या, "तुला काही सांगायचंय का?"

शिट्टी झाली. गार्डानं झेंडा दाखवला. बाई तशाच उभ्या होत्या, थोड्या पुढे वाकून, कान माझ्याकडे करून.

"पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं.

गाडी हलली. त्या मान हलवून हसल्या, आणि डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत दारातच उभ्या होत्या.